पोटाची ‘बायपास’ म्हणजे काय? स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास यांत निवड कशी ठरते

मामीने दोन कागद माझ्यासमोर ठेवले. वजन उतरवण्यासाठी एका सर्जननी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया सुचवली होती, दुसऱ्यांनी ‘मिनी बायपास’. मामीचं वजन ११० किलो, उंची पाच फूट पाच इंच, मधुमेहाला नऊ वर्षं झालेली आणि रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. तिचा पहिला प्रश्न होता, “बायपास तर हार्टची असते ना? मला हार्टचं काही नाहीये गं.” दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “आजार एकच, मग दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात?”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बायपास म्हणजे वळसा घालून काढलेला रस्ता. गावातल्या गर्दीतून न जाता गाडी बाहेरून नेतात, तसा. हृदयाच्या बायपासमध्ये रक्ताला नवी वाट देतात, पोटाच्या बायपासमध्ये अन्नाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र हा सगळा लेख लागेल. २०२५ मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून लठ्ठपणाबद्दल रोज काहीतरी वाचायला मिळतं. पण शस्त्रक्रियेचा विषय निघाला की बहुतेकांची माहिती ‘पोट छोटं करतात’ इथेच थांबते, आणि ती माहिती अर्धवट आहे.

तोंडावर ताबा ठेवला की झालं, असं का नाही

गेल्या पंधरा वर्षांत मामीने काय केलं नाही! रात्री फक्त सूप, भात बंद, पहाटेचं चालणं, जिम. तीनदा तिचं वजन बारा-पंधरा किलोंनी उतरलं आणि तिन्ही वेळा परत चढलं. नातेवाईक म्हणतात, ‘मनावर घेत नाही.’ हे ऐकलं की मला राग येतो, कारण यात दोष मनाचा नसतोच.

गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो. पाणी थंड झालं की तो आपोआप चालू होतो, आपल्याला बटणाला हात लावावा लागत नाही. वजनाचा असाच एक राखणदार मेंदूत बसलेला आहे. वजन भरभर उतरलं की त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा रोजचा उष्मांकांचा खर्च आखडतो. जेवढं जास्त वजन वर्षानुवर्षं अंगावर राहिलेलं असेल, तेवढा तो हट्टी.

या राखणदाराला निरोप पोचवतात ती संप्रेरकं, म्हणजे रक्तातून फिरणारी निरोप्या रसायनं. त्यांतली दोन इथे महत्त्वाची. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात तयार होतं. दुसरं जीएलपी-१. ते बहुतांशी आतड्याच्या खालच्या टप्प्यातून येतं, ‘पोट भरलं, थांब’ असं सांगतं आणि इन्सुलिनलाही चालना देतं. हल्लीची इंजेक्शनं याच जीएलपी-१ची नक्कल करतात.

लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास १९६६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि सहज परत चढत नाही, हे मेसन यांच्या नजरेत आलं होतं. त्या काळची समजूत अशी, की पोटात मावत नाही म्हणून वजन उतरतं. पण मग रुग्णांची भूकच का मंदावते? फारसं वजन उतरायच्या आत, काही दिवसांतच साखर खाली का येते? कारण शस्त्रक्रियेने पोटाचा आकार बदलतो तसे मेंदूला जाणारे निरोपही बदलतात. राखणदाराशी भांडत बसण्याऐवजी त्याची समजूत घातली जाते.

‘मी काही इतकी जाड नाहीये’

शस्त्रक्रिया कोणाला, हे ठरवायला बीएमआय वापरतात. किलोतलं वजन घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. मामीचा बीएमआय ४० येतो.

हा आकडा आपल्या लोकांना थोडा फसवतो, आणि तो कसा फसवतो हे पुण्यातूनच जगाला कळलं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असते. म्हणून आपल्यासाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणली आहे. अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत सर्वसाधारणपणे बीएमआय ३५ आणि त्यापुढे शस्त्रक्रियेची शिफारस आहे, तर आशियाई लोकांना २७.५ पासून तिचा पर्याय द्यावा असं म्हटलं आहे. मामीच्या उंचीच्या बाईचं वजन सुमारे ७५ किलो असेल तर बीएमआय २७.५ होतो. अर्थात ७५ किलोच्या प्रत्येकीने ऑपरेशन थिएटर गाठावं असा याचा अर्थ नाही. मधुमेह हाताबाहेर गेलेला असेल तर वजन शंभरी गाठेपर्यंत थांबायची गरज नाही, असा आहे.

स्लीव्ह: पिशवीची नळी

जठर हे भिस्त्याच्या पखालीसारखं फुगीर असतं. स्लीव्हमध्ये त्याचा बाहेरचा फुगवटा स्टेपलरने शिवून कापतात आणि शरीराबाहेर काढतात. सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के जठर जातं, उरते ती सदऱ्याच्या बाहीसारखी निमुळती नळी. तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिली मावतं. घ्रेलिन तयार करणारा घुमटही कापलेल्या भागातच जातो, त्यामुळे भूक उतरते. आतड्याला हात लागत नाही.

हे ऑपरेशन मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होतं. अतिशय जास्त वजनाच्या रुग्णांना सगळं एका दमात झेपणार नाही, म्हणून आधी एवढंच करायचे. मग दिसलं की काहींना दुसऱ्या टप्प्याची गरजच उरत नाही.

स्लीव्ह ‘साधी’ म्हणून सांगितली जाते. वेळ कमी लागतो, नवा जोड नसतो, पोषणाची तूट तुलनेने कमी, हे खरं आहे. पण एक गोष्ट नीट ऐकून घ्यावी: कापून बाहेर काढलेलं जठर परत बसवता येत नाही. स्लीव्ह मागे फिरवता येत नाही.

बायपास: दोन झाकणांएवढं पोट आणि नवा रस्ता

खोकल्याच्या औषधाबरोबर १५ मिलीचं झाकण येतं ना, ते दोनदा भरलं की होईल एवढी, साधारण ३० मिलीची पिशवी जठराच्या वरच्या टोकाला वेगळी करतात. लहान आतडं एका जागी कापून त्याचं खालचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात. अन्न आता उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. टाळलेलं जठर शरीरातच राहतं. त्यातले पाचकरस आणि यकृताचा पित्तरस आपल्या वाटेने खाली येऊन दुसऱ्या एका जोडावर अन्नाला भेटतात. दोन रस्ते येऊन मिळतात तसा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. या प्रकारच्या जोडणीला स्विस सर्जन सेझार रू यांचं नाव आहे, म्हणून पूर्ण नाव ‘रू-एन-वाय’ बायपास. १९९४ पासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून होऊ लागली.

अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचत असल्याने जीएलपी-१ भरपूर सुटतं. मधुमेहावर बायपासचा जोर दिसतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मिनी बायपास: ‘मिनी’ या शब्दावर जाऊ नका

अमेरिकन सर्जन रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे ती बरीच होते. यात जठराची लांबट नळी करून ती आतड्याच्या दीड-दोन मीटर खाली थेट जोडतात. दोन जोडांऐवजी एकच जोड, एवढ्यापुरतं ते ‘मिनी’. शरीरात होणारा बदल मात्र मुळीच मिनी नाही. आतड्याचा टाळलेला भाग नेहमीच्या बायपासपेक्षा सहसा जास्तच असतो.

इथे एक शब्दाचा घोळ सोडवायला हवा. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते बहुतेकदा जठरातलं आम्ल असतं. खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि आतड्यात येतो. मिनी बायपासमध्ये हा पित्तरस जोडावरूनच पुढे जात असल्याने काही रुग्णांत तो वर जठराच्या नळीत आणि अन्ननलिकेतही चढतो. फ्रान्समध्ये २५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांनी दोन्ही बायपासमधली वजनाची घट जवळजवळ सारखी होती, पण मिनीच्या गटात जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी जास्त होत्या. त्या अभ्यासात दोन मीटर आतडं टाळलं होतं. म्हणून सर्जनना खुशाल विचारावं, ‘माझं किती आतडं टाळणार?’

जठराभोवती बांधायचा पट्टा एके काळी फार गाजला, आता तो मागे पडला आहे. वजन तेवढं उतरत नाही आणि पट्टा काढायची वेळ अनेकांवर येते. दुसऱ्या टोकाला ड्युओडिनल स्विच नावाची शस्त्रक्रिया आहे. तिच्यात वजन सर्वांत जास्त उतरतं आणि कुपोषणाचा धोकाही सर्वांत जास्त. ती थोड्या रुग्णांसाठीच. आणि लायपोसक्शन या यादीत येतच नाही, ते चरबी काढून आकार सुधारण्याचं काम आहे.

मग दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात

कारण ‘सर्वांत चांगली शस्त्रक्रिया कोणती’ हा प्रश्नच चुकीचा आहे. या शरीराला आधीपासून काय काय आहे, यावर उत्तर फिरतं.

फक्त वजन पाहिलं तर बायपास पुढे आहे, पण दूरवर पुढे नाही. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून स्लीव्ह किंवा बायपास केली आणि दहा वर्षं त्यांचा माग ठेवला. आदर्श वजनापेक्षा जेवढं जास्त होतं, त्यातलं स्लीव्हने सरासरी ४३.५ टक्के उतरलेलं राहिलं, बायपासने ५०.७ टक्के. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींत पाच वर्षांनी एकूण वजनातली घट स्लीव्हला १८.८ आणि बायपासला २५.५ टक्के दिसली. मामीच्या ११० किलोंतून साधारण २१ किलो की २८, असा हिशेब. दोन्हींत ती ६० किलोंची होणार नाही, हे तिला आधीच कळलेलं बरं.

छातीतल्या जळजळीने मात्र पारडं बरंच झुकतं. स्लीव्हची अरुंद नळी म्हणजे दाबाची जागा. आम्लाला वर चढायला निमित्त मिळतं. फिनलंडच्या त्याच रुग्णांत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांत आढळला, बायपासवाल्यांत ७ टक्क्यांत. स्वित्झर्लंडमधल्या अशाच अभ्यासात आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर ३१.८ टक्क्यांची ती वाढली, बायपासनंतर ६.३ टक्क्यांची. म्हणून शस्त्रक्रियेआधी दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर आतून बघावं, असं माझं ठाम मत आहे. मामीच्या दोन्ही कागदांवर एंडोस्कोपीचा उल्लेखच नव्हता.

मधुमेहाचं काय? अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने १५० मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६ किंवा त्याखाली राहिली ती नुसत्या औषधोपचारावर ५ टक्के लोकांत, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के लोकांत. मधुमेह जितका नवा, तितकी आशा जास्त. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी किती शिल्लक आहेत हे सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीवरून कळतं. पेशी संपल्याच असतील तर कुठलीही शस्त्रक्रिया त्या परत आणत नाही.

उलट बाजूने स्लीव्हकडे झुकवणारी कारणंही असतात. ज्यांना सांध्यांसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळताच येत नाहीत, त्यांना बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची भीती असते. धूम्रपानानेही तसंच होतं. आतड्याचे जुने आजार असतील, पोटाची आधी मोठी ऑपरेशनं झाली असतील, तर आतड्याला हात न लावलेला बरा. शिवाय बायपासनंतर मागे ठेवलेलं जठर नेहमीच्या दुर्बिणीने बघता येत नाही. घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हे सांगून ठेवावं.

जिवाला धोका किती?

शून्य नाही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत पहिल्या तीस दिवसांत हजारामागे तीन मृत्यू होते. अनुभवी ठिकाणी आता हे प्रमाण हजारी एकच्या आसपास आलं आहे. टाके गळणं, रक्तस्राव, पायातल्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, या सुरुवातीच्या काळजीच्या गोष्टी. त्याच तराजूत दुसरी बाजूही ठेवायला हवी. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या तितक्याच लठ्ठ लोकांचा माग ठेवला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी जास्त भरलं. तेही जुन्या पद्धतींनी केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये.

बायपासवाल्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. काही वर्षांनीसुद्धा पोटात अचानक जोराची कळ आली तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. गॅस म्हणून घरी ओवा खात बसू नये; रुग्णालयात जाऊन ‘माझी बायपास झाली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावं.

वजन परत वाढतंच ना, मग उपयोग काय?

थोडं वाढतं. बहुतेकांचं वजन पहिल्या दीड-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि मग काही किलो परत येतात. पण ते सहसा पूर्वीच्या आकड्यापर्यंत जात नाही, हेच तर वरचे दहा वर्षांचे आकडे सांगतात. ज्यांचं फार चढतं, त्यांच्यात बऱ्याचदा दिवसभर थोडं थोडं चरणं, गोड पेयं आणि तपासणीला जाणं बंद होणं दिसतं. मात्र काहींच्या बाबतीत सगळं नीट पाळूनही चढतं. तिथे पुन्हा ‘मनावर घेत नाही’ सुरू करू नये.

इंजेक्शनं आली, मग चिरफाड कशाला?

रास्त प्रश्न. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आली. मौंजारोतल्या टिर्झेपटाइडने सर्वांत मोठ्या मात्रेत ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. ही घट स्लीव्हच्या जवळ जाते. पण औषध थांबवलं की राखणदार जागा होतो. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे एकीकडे वर्षानुवर्षं चालणारा खर्च आणि इंजेक्शन, दुसरीकडे एकदाच शस्त्रक्रिया आणि जन्मभराचं पथ्य. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर मी आधी औषधाचा विचार करायला सांगेन. ४० च्या पुढे, मधुमेहासकट, नुसत्या इंजेक्शनवर भिस्त ठेवणं मला पुरेसं वाटत नाही. दोन्ही एकमेकांना जोडूनही वापरतात.

जन्मभराचं पथ्य म्हणजे नेमकं काय

जेवण वाटीभर, घास पूर्ण चावून, जेवताना पाणी नाही. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. शाकाहारी घरात हे जमवणं कठीण जातं, कारण वरण-भातात भात जास्त आणि डाळ कमी. पनीर, दही, उसळ, सोयाबीन आधी खायचं. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरलं तर त्या दिवशीची प्रथिनं गेलीच.

बायपासनंतर श्रीखंड, बासुंदी खाल्ली तर साखर एकदम आतड्यात उतरते. घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. दारूही फार लवकर चढते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची भर कायमची घ्यावी लागते, स्लीव्हनंतरसुद्धा. सतत उलट्या होत असतील तर थांबू नये, बी-१ कमी पडून मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा परत येतात. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात.

विम्याचं गणित

विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांत ही शस्त्रक्रिया बसते, पण मर्यादा वेगळी आहे. वय १८ पूर्ण, आणि बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास अथवा आटोक्यात नसलेला मधुमेह. शिवाय आधीचे साधे उपाय फसल्याची नोंद. वैद्यकशास्त्र २७.५ ला परवानगी देतं आणि विमा ४० किंवा ३५ मागतो. मधल्या लोकांना खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. हे मला अन्यायाचं वाटतं, विशेषतः याज्ञिक यांचं संशोधन आपल्याच दारात झालेलं असताना. डाएट आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या म्हणूनच फेकून देऊ नयेत.

मामीबरोबर मी तिसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी आधी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेचा खालचा भाग लालबुंद निघाला. सी-पेप्टाइड मात्र चांगलं आलं. जळजळ आणि मधुमेह दोन्ही बघून रू-एन-वाय बायपास ठरली. निघताना मामीने पर्स बंद करता करता विचारलं, “डॉक्टर, वीस वर्षांनी माझं बी-१२ कोण बघणार?” त्यांनी लेटरहेड पुढे ओढलं आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या नावे, दरवर्षी कोणत्या तपासण्या करायच्या आणि कोणत्या गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत, याची चिठ्ठी लिहायला घेतली.